शेंबड्या पोरांची केराबाई

जुळे सोलापुरातल्या ‘चिमणघर’ पाळणाघराच्या फाटकात सकाळी साडेआठला केराबाई उभी राहिली की आयांच्या पोटात गोळा यायचा. पोरांच्या नव्हे, आयांच्या. पोरं तिच्या अंगावर झेप घ्यायची. आया मात्र स्कूटी लावतानाच तोंड वाकडं करायच्या. कारण केराबाई आधी पोराच्या मानेला हाताची पालथी बाजू लावायची, मग नाकाकडं बघायची, मग सदरा वर करून छातीचा भाता कसा हलतोय ते बघायची, आणि ज्या आईला त्या दिवशी सगळ्यात जास्त घाई असेल नेमकं तिलाच म्हणायची, “ह्याला घरी न्या.”

“मावशी, नुसतं नाक गळतंय हो.”

“गळतंय न्हवं? मग घरी गळू द्या. हितं बारा पोरं हायत.”

“आज ऑडिट आहे माझं.”

“आसंल की. मी कुटं न्हाय म्हंते?”

मग आई प्रभाताईंना हाक मारायची. प्रभाताई पाळणाघराच्या मालकीण. आधी बालवाडीत शिकवायच्या, निवृत्त झाल्यावर आपल्याच बंगल्याच्या तळमजल्यावर त्यांनी हे पाळणाघर काढलं. बोलायला साखर, आणि कुणाला दुखवणं त्यांना जमायचंच नाही. त्या बाहेर येऊन पोराला आत घ्यायच्या, आईला हसून वाटेला लावायच्या आणि मग केराबाईची हजेरी घ्यायच्या. केराबाई खाली मान घालून ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायची. चार वर्षं हे चाललं होतं. आया आपसात तिला ‘चेकनाका’ म्हणायच्या. ते तिला ठाऊक होतं. तिलाही आया आवडत नव्हत्या, आणि ते तिनं कधी झाकून ठेवलं नव्हतं.

केराबाई मेटकरी मूळची मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडची, पार कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या एका वाडीतली. घरी मेंढरं. नवरा बिरप्पा वर्षातले आठ महिने मेंढरांमागं रानोमाळ फिरायचा आणि केराबाई घोड्यावर बिऱ्हाड लादून त्याच्यामागं. तिची पहिली मुलगी सुकन्या अशीच वाटेवर, एका पडीक रानात जन्मली. दीड वर्षाची झाली तेव्हा ऐन थंडीत तिला सर्दी झाली. सर्दीच ती, त्याला कोण मोजतो? चौथ्या दिवशी पोरीचं पोट उडायला लागलं, बरगड्यांखाली खड्डे पडायला लागले. सासू म्हणाली, डबा झालाय, छाती भरलीय. तिनं बिब्बा तापवून पोरीच्या पोटावर डाग दिले, कसलीशी मुळी उगाळून पाजली, वर चमचाभर काढा घशात ओतला. केराबाई दवाखान्यात नेऊ म्हणत राहिली. तिच्या म्हणण्याला कोण विचारतो? दुसऱ्या दिवशी उजाडताना पोर तिच्या मांडीवर गेली.

पुढं मुलगा झाला, माउली. तो मोठा होऊन अक्कलकोट रोडच्या टॉवेलच्या कारखान्यात लागला. बिरप्पा वारल्यावर मेंढरं विकून केराबाई माउलीच्या मागोमाग शहरात आली. पण त्या थंडीतल्या दोन सवयी तिच्या अंगात मुरल्या त्या मुरल्याच. कुणाचंही पोर दिसलं की तिची नजर आधी त्याच्या बरगड्यांकडं जायची. आणि वाटीतलं, चमच्यातलं, बाटलीतलं कसलंही औषध पोराच्या तोंडाशी न्यायचं म्हटलं की तिचा हात मध्येच थांबायचा. पहिली सवय सगळ्यांना दिसायची. दुसरी तिनं कुणालाच कळू दिली नव्हती.

जूनमध्ये काव्या आली. चौदा महिन्यांची, गुबगुबीत, आल्या दिवशी केराबाईची बांगडी धरून झोपून गेली. तिची आई चेतना एका कॉलेजच्या परीक्षा विभागात होती. वडील अवधूत पुण्याला नोकरीला, शनिवारी यायचे, रविवारी संध्याकाळी जायचे. सासू-सासरे मोडनिंबला. म्हणजे पोरीचं सगळं चेतनाच्या एकटीच्या अंगावर. बाई हुशार होती, टापटिपीची होती, आणि कायम तणतणलेली असायची.

पहिल्याच आठवड्यात काव्याचं नाक वाहायला लागलं. ते थांबतंय तोवर खोकला आला. खोकला गेला, चार दिवस बरे गेले आणि पुन्हा नाक. आषाढ असा गेला, श्रावण तसाच गेला. गणपतीत ताप आला. दिवाळीपर्यंत चेतनानं आठ सर्द्या मोजल्या. दर वेळी रजा, दर वेळी साहेबांचं तिरकं बोलणं. “मॅडम, मूल तुमच्याच घरात आहे का फक्त?” असं एकदा ते सगळ्या ऑफिससमोर म्हणाले. त्या दिवशी ती काव्याला न्यायला आली ती डोळे लाल करूनच.

पिशवी तर पहिल्या सर्दीपासूनच सुरू झाली होती. काव्याच्या दप्तराशेजारी रोज एक कापडी पिशवी यायची आणि तिच्यात बाटल्या. तुळशीचा अर्क, कुणा वैद्याकडून आणलेले सोन्याचे थेंब, मध-हळदीचं चाटण, सिंहाचं चित्र असलेलं ‘इम्युनिटी’चं सिरप, आणि चेतनाच्या आईनं पाठवलेला काढा, तो वेगळा स्टीलच्या बाटलीत. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी चिकटवलेली, अकरा वाजता, एक वाजता, अमुक एवढं. केराबाईला आकडे कळायचे, अक्षरं नाही. ते तिनं नोकरीला लागताना सांगितलं नव्हतं आणि नंतर सांगायची लाज वाटली.

संध्याकाळी चेतना विचारायची, “मावशी, दिलं ना सगळं?”

“दिलं की.”

केराबाईनं त्यातला एक थेंबही दिलेला नसायचा. दुपारी पोरं झोपली की ती मागच्या मोरीपाशी जायची, चिठ्ठीवर जेवढा आकडा असेल तेवढं माप भरायची आणि मोरीत ओतून द्यायची. माप चुकू द्यायची नाही. बाटली रोज जेवढी उतरायला पाहिजे तेवढीच उतरायची. आपण पोरीला वाचवतोय असं तिला मनापासून वाटायचं, आणि त्या बाईला फसवतोय याचं थोडं समाधानही वाटायचं.

इकडं पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर धूर निघायला लागला होता. पहिला मेसेज चेतनाचाच. ‘पाळणाघरात स्वच्छता पाळली जाते का, हा प्रश्न आहे.’ त्यावर दुसरीनं लिहिलं की मावशी सगळ्या पोरांची नाकं एकाच पदरानं पुसतात, मी स्वतः पाहिलंय. तिसरीनं लिहिलं, त्यांच्या अंगाला वास येतो. चौथा एक बाप होता, त्यानं मावशींचा टीबी तपासला आहे का असं विचारलं. दोन दिवसांत गोष्ट इतकी वाढली की दोघांनी आपली पोरं काढून नेली.

पदराचं खरं होतं. बारा नाकं गळत असताना कुठं फडकं शोधत बसायचं? हाताशी येईल तो पदर. पण प्रभाताईंनी विचारलं तेव्हा केराबाई साफ नाही म्हणाली. “ह्या बायांस्नी पोरं नकोत, पोरांचं खापर फोडायला कोनतरी पायजे,” असं वर बोलली.

प्रभाताईंनी तिच्या तोंडाला मास्क लावला. दर अर्ध्या तासाला हात धुवायचा हुकूम काढला. नळाला पाणी पाचव्या दिवशी येणार, टाकी दोन दिवसांत तळाला जाणार, तरी हात धुवायचे. पाणी संपलं की बाटलीतलं ते झोंबणारं औषध चोळायचं. केराबाईच्या बोटांना भेगा पडल्या, भाकरी थापताना रक्त यायला लागलं. मास्क बघून सगळ्यात धाकटं पोर भोकाड पसरायचं. आणि एवढं करूनही नाकं गळतच होती. मग आयांना वाटलं, बाई हात धुतच नसणार.

नोव्हेंबरच्या एका सकाळी फाटकात ठिणगी पडली.

चेतना काव्याला उतरवत होती. केराबाईनं मानेला हात लावला. मान गार होती, पण पोर मलूल होती आणि एक कान सारखा चोळत होती. केराबाईनं मास्क खाली ओढला आणि पोरीच्या तोंडाशी नाक नेलं. स्ट्रॉबेरीचा वास.

“तापाचं औशद पाजून आनलंय.”

“काहीतरी बोलू नका.”

“वास येतोय की बाई. आता गार हाय, अकरा वाजता जोर उतरंल आन् पोर फणफणंल. तुमी बसताल आफिसात. हितं हिला मांडीवर घिऊन मी बसनार, आन् बाकीच्या पोरास्नी बी लागनार.”

फाटकात आणखी तीन आया उभ्या होत्या. चेतनाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. “तुम्ही मला शिकवणार? तुमच्या त्या घाणेरड्या पदरामुळं माझी मुलगी सहा महिने आजारी आहे. कळतं का तुम्हाला काही? गुरं राखण्यातलं आहे का हे?”

“गुरं न्हाय, मेंढरं,” केराबाई म्हणाली. “आन् आजारी मेंढरू आमी कळपात सोडत न्हाय.”

चेतनानं काव्याला जवळजवळ तिच्या हातात कोंबलं आणि स्कूटी सुरू केली. आठवड्यात तिसरी रजा मागायची तिची हिंमत नव्हती. ते केराबाईला माहीत असण्याचं कारण नव्हतं, आणि माहीत असतं तरी तिनं शब्द मागं घेतला नसता.

अकरा वाजता काव्याला सडकून ताप भरला. प्रभाताईंनी फोन केले. परीक्षेचे गठ्ठे मोजणं चालू होतं, फोन लॉकरमध्ये. चेतना आली तेव्हा चार वाजले होते. केराबाई पाच तास पोरीला मांडीवर घेऊन बसली होती, मोजक्या पाण्यातलं पाणी घेऊन तिचं अंग पुसत होती. चेतनानं तिच्या मांडीवरून पोर उचलली आणि थेट फाटकाबाहेर पडली.

त्याच संध्याकाळी बालरोगतज्ज्ञ डॉ. मल्लिकार्जुन यांनी काव्याला तपासलं. कानाचा पडदा लाल होता, आत पू धरलेला. त्यांनी एक औषध लिहून दिलं, दिवसातून तीन वेळा, सात दिवस, एकही वेळ चुकवायची नाही. चेतनानं साहेबांच्या हातापाया पडून दोन दिवस रजा काढली, औषध घड्याळ लावून दिलं. ताप उतरला. सोमवारी ती काव्याला घेऊन आली. फाटकात केराबाईकडं न बघता पिशवी पुढं केली आणि म्हणाली, “दुपारी दोनला. हे द्यायचंच आहे.”

‘द्यायचंच’ ती प्रत्येक बाटलीला म्हणायची. गुलाबी बाटली बाकीच्या पाच बाटल्यांच्या रांगेत बसली. सोमवारी दोन वाजता केराबाईनं तिचं माप भरलं आणि मोरीत ओतलं. मंगळवारी ओतलं. बुधवारी ओतलं.

गुरुवारी दुपारी काव्या झोपेतून किंचाळत उठली आणि मग एकदम गप्प झाली. केराबाईनं तिला उचललं. सोलापुरी चादरीच्या निळ्या चौकटीवर पिवळा ओला डाग होता. पोरीच्या कानातून पू गळत होता.

 तिनं प्रभाताईंना हाक मारली आणि पिशवीकडं बोट दाखवून विचारलं, “ती गुलाबी बाटली कशाची?”

“कानाची. डॉक्टरांनी लिहून दिलेली. का? देताय ना वेळेवर?”

“व्हय,” केराबाई म्हणाली.

आयुष्यात ती पुष्कळ खोटं बोलली असेल, पण ते ‘व्हय’ म्हणताना तिनं पहिल्यांदाच नजर चुकवली.

दुसऱ्या दिवशी मुंग्यांनी ते खोटं बाहेर काढलं. पाण्याची ओढ, त्यामुळं मोरीत अर्धा तांब्याच्या वर पाणी पडत नव्हतं. सहा महिन्यांचा गोडाचा थर बसलेला. मोरीच्या तोंडापासून भिंतीच्या कडेनं काळ्या मुंग्यांची दोन बोटं रुंद ओळ लागली होती. प्रभाताई वाकल्या, वास घेतला आणि उभ्या राहिल्या त्या पांढऱ्याफटक होऊनच.

“केराबाई, किती दिवस?”

“पयल्यापास्नं.”

“कानाचं पण?”

केराबाईनं मान डोलावली.

प्रभाताई तिथंच मोरीच्या कट्ट्यावर बसल्या. म्हणाल्या, “रविवारी पालकांची सभा आहे. डॉ. मल्लिकार्जुन येणार आहेत समजवायला. तोवर आणि त्यानंतर, तुम्ही याबद्दल तोंड उघडायचं नाही. पाळणाघर बंद पडेल माझं. कळलं? मी कुणालातरी दुसरं बघते, तुम्ही गुपचूप गावी जा.”

रविवारी सकाळी दहाला खालच्या खोलीत सतरंज्यांवर पंधरा-सोळा पालक बसले. अवधूतही आला होता. केराबाई मागं दाराशी उभी. डॉक्टर बोलायला लागले तेव्हा कुणाच्या चेहऱ्यावर ऐकायची तयारी नव्हती. सगळे गुन्हेगार कोण ते ऐकायला आले होते.

“पाळणाघरात जाणाऱ्या लहान मुलाला पहिल्या वर्षी आठ-दहा सर्द्या होणं, यात काही विशेष नाही,” डॉक्टर म्हणाले. “एकेकाला बाराही होतात. घरात एकटं वाढलेलं मूल बारा मुलांत आलं की बारा घरांचे विषाणू त्याला भेटणार. प्रत्येकाशी त्याचं शरीर एकदा लढणार, तेव्हा ओळख ठेवणार. प्रतिकारशक्ती अशीच तयार होते. आज होतंय ते पुढं शाळेत गेल्यावर कमी होईल.”

“म्हणजे आमच्या मुलांनी आजारीच पडायचं?” टीबीचं विचारणारा बाप म्हणाला.

“सर्दीनं आजारी पडणारच. खिडक्या उघड्या ठेवा. प्रत्येक मुलाचा रुमाल वेगळा ठेवा. एका पदरानं सगळ्यांची नाकं पुसू नका,” इथं आयांनी एकमेकींकडं पाहिलं आणि मग मागं पाहिलं, “हात धुवा. लसी वेळेवर द्या. आणि ताप असेल तर मूल घरी ठेवा. ताप दाबून पाठवू नका. नुसतं नाक गळत असेल, मूल खेळतंय, खातंय, तर फाटकातून परत पाठवायचीही गरज नाही. तसं केलं तर पाळणाघर वर्षभर रिकामं राहील.”

 चार वर्षांचं केराबाईचं फाटक त्यांनी एका वाक्यात मोडून टाकलं होतं.

“आणि इम्युनिटीची औषधं?” एकीनं विचारलं.

“बाटलीतून येत नाही हो ती. खाणं, झोप, लसीकरण. ही सिरपं आणि थेंब बंद करा.”

“तुम्हाला काय जातंय बोलायला,” कुणीतरी पुटपुटलं. खोलीत कुजबुज वाढली. मग चेतना उभी राहिली. 

“सर, तुम्ही म्हणता नेहमीची सर्दी. माझ्या मुलीचा कान फुटलाय. तुम्ही लिहून दिलेलं औषध मी एक वेळ चुकवलं नाही. मग का फुटला? तुमचं औषधच चुकलं, असं का म्हणत नाही तुम्ही?”

डॉक्टर तिच्याकडं वळले. “सगळे डोस गेले असतील आणि तरीही पू आला असेल, तर जंतू त्या औषधाला दाद देत नाहीत असं धरावं लागेल. उद्या आणा तिला. जास्त जोराचं औषध सुरू करू. कदाचित इंजेक्शनं. तीन-चार दिवस ॲडमिट करावं लागेल.”

अवधूतनं कपाळाला हात लावला. प्रभाताईंनी मागं वळून केराबाईकडं पाहिलं. त्या नजरेत धमकी होती आणि हात जोडणंही होतं.

“इंजेक्शान देऊ नगा,” केराबाई मोठ्यानं म्हणाली.

सगळी खोली वळली.

“औशद बदलू नगा, डॉक्टरसायेब. दुपारचं तिला गेलंच न्हाय. सोमवार, मंगळवार, बुधवार. मी मोरीत वतलं.”

क्षणभर कुणाला अर्थच लागला नाही. मग चेतना माणसांमधून वाट काढत तिच्यापर्यंत आली.

“काय केलंत?”

“वतलं. सगळंच वतत हुते. जूनपास्नं. तुमचा काढा बी, त्ये सोन्याचं बी. मला वाचाया येत न्हाय. त्ये कानाचं हाय हे मला कळलं न्हाय.”

“रोज ‘दिलं की’ म्हणायचात!”

“व्हय. खोटं बोलले.”

“का? मी काय वाकडं केलं होतं तुमचं?”

केराबाईनं सांगायला नको होतं. पण तिच्या तोंडातून निघून गेलं. “माजी पोरगी गेली आसल्याच काढ्यानं. दीड वर्साची हुती. सर्दीच झालती.”

चेतनानं क्षणभर डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यात दया नव्हती. “तुमची मुलगी गेली म्हणून माझ्या मुलीचा कान फोडलात?”

 गप्प राहणं केराबाईच्या रक्तातच नव्हतं. “माजं चुकलं. पर त्या दिशी तुमी तापाचं औशद पाजून पोर सोडली न्हाय, आसं सांगा की सगळ्यांम्होरं. सांगा.”

चेतनानं हात उगारला. अवधूतनं तो वरच्यावर धरला. खोलीत एकच गिल्ला झाला. कुणी पोलिसांचं नाव काढलं, कुणी मोबाईल धरून व्हिडिओ काढायला लागलं. डॉक्टर मध्ये पडले. चढ्या आवाजात म्हणाले, “पुरे! औषध पूर्ण गेलं असतं तरी कान फुटला नसता असं मी छातीठोक सांगू शकत नाही. फुटला म्हणून तो आता निचरतोय. तेच औषध तिन्ही वेळा पुन्हा चालू करा, पाच दिवसांनी मला दाखवा. ॲडमिट नको.” मग केराबाईकडं वळून तितक्याच कडक आवाजात म्हणाले, “आणि तुम्ही, बाई, आज बोललात म्हणून पोरीची इंजेक्शनं वाचली. आधी गप्प बसलात म्हणून हे झालं. दोन्ही लक्षात ठेवा.”

केराबाईला त्याच दिवशी काढलं. प्रभाताई फाटकापर्यंतही आल्या नाहीत. तिची चप्पल आणि डबा दुसऱ्या बाईनं बाहेर आणून ठेवला. आत कुठलंसं पोर “माशी, माशी” करून रडत होतं. केराबाईनं वळून पाहिलं नाही.

ग्रुपवर सुटकेचे मेसेज पडले, काढून नेलेली दोन पोरंही परत आली. चिमणघरात प्रशिक्षण घेतलेली तरुण मुलगी आली, हातमोजे घालणारी. बारा रंगांचे बारा रुमाल आले. संक्रांतीच्या सुमाराला, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेची धूळ उडत होती तेव्हा, बारापैकी सात पोरं पुन्हा खोकत होती, आणि ग्रुपवर आता नव्या मुलीच्या हातमोज्यांवरून प्रश्न विचारले जात होते. माउलीनं हे बाहेरून ऐकून घरी सांगितलं. त्याला वाटलं आईला बरं वाटेल. केराबाई म्हणाली, “माज्या म्होरं त्येंचं नाव काडू नगं.”

जानेवारीत एकदा ती डॉ. मल्लिकार्जुन यांच्या दवाखान्यात गेली. नंबर लावून बसली, आणि आत गेल्यावर काम मागितलं. वॉर्डातली पोरं सांभाळीन, झाडझूड करीन, कुठलं बी काम द्या.

“पोराचा श्वास बघून न्यूमोनिया ओळखता तुम्ही,” डॉक्टर म्हणाले. “प्रभाताईंनी सांगितलंय मला. माझ्या दोन नर्सना ते जमत नाही. पण औषध ओतून टाकणारी बाई मी वॉर्डात ठेवू शकत नाही.”

“आता न्हाय वतनार.”

“तुम्ही नाही म्हणता. पण मी कशाच्या भरवशावर ठेवू?”

ती उठली. दाराशी पोचल्यावर डॉक्टर म्हणाले, “वाचायला शिका. निदान बाटलीवरचं.” तिला तो अपमान वाटला. तो तिनं घरापर्यंत उराशी धरला.

ती राहते त्या नीलमनगरच्या गल्लीत बहुतेक घरं विणकरांची. शेजारच्या अंबुबाईची सून शिलाईच्या कारखान्यात जायला लागली, तेव्हा अंबुबाई आपली नात घेऊन केराबाईच्या दारात आली. दिवसभर ठेवशील का? मग आणखी दोन पोरं आली. त्यांच्या आया घरात तेलुगू बोलायच्या आणि केराबाईशी तोडकंमोडकं मराठी, पण भांडायला भाषा पुरेशी होती. एकीनं काढ्याची बाटली आणली, केराबाईनं उंबऱ्यावरूनच परत केली. “डॉक्टरची चिट्टी आसंल तर आना. न्हायतर पोर ठिवायचं आसंल तर ठेवा, न्हायतर न्या.” बाई दोन दिवस आली नाही, तिसऱ्या दिवशी आली, बाटलीशिवाय.

चिठ्ठीचं औषध आलं तर केराबाई कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन उभी राहते. दुकानदार धोंडीराम तोंड वेंगाडतो, पण वाचून दाखवतो. कशाचं, किती, केव्हा. ती ते तीनदा म्हणवून घेते. मग घरी येऊन माप भरते. पहिल्या वेळी तो चमचा पोराच्या ओठाशी न्यायला तिला पाच मिनिटं लागली होती. पोर रडलं, थोडं अंगावर सांडलं, उरलेलं गिळलं. केराबाई त्यानंतर तासभर त्याच्या बरगड्यांकडं बघत बसली. अजूनही ती प्रत्येक वेळी आधी चमचा खाली ठेवते. पण देते. नाकं पुसायला तिनं जुन्या लुगड्याची फडकी फाडून ठेवली आहेत, पोराला एक. ते डॉक्टरचं ऐकलं असं मात्र ती कबूल करत नाही.

मार्चमध्ये, ऊन तापायला लागलं होतं, एका सकाळी ती भाजी घ्यायला गेली तेव्हा समोरून चेतना आली. कडेवर काव्या. पोर वाढली होती, केसांना दोन चिमुकल्या शेंड्या, नाकाखाली सुकलेला शेंबूड. केराबाईला बघून तिनं हात पुढं केले. चेतनानं तिला दुसऱ्या कडेवर घेतलं.

केराबाईनं वाट सोडली नाही. “कान?” तिनं विचारलं.

चेतनानं आधी काव्याच्या कानाकडं पाहिलं. 

“पडदा भरून आला,” ती म्हणाली. “ऐकू येतं नीट. तपासून घेतलंय.”

“बरं झालं.”

“तुमच्यासाठी नाही सांगितलं,” चेतना म्हणाली. “विचारलंत म्हणून सांगितलं. पुन्हा विचारू नका.”

“न्हाय विचारनार,” केराबाई म्हणाली, आणि मेथीच्या ढिगाकडं वळली.